पोर्ट वाईनने रक्त वाढते का?

नृसिंहवाडी-शिरोळ भागातून गोवा काही तासांवर. तिकडे गेलेली माणसे काजूबरोबर पोर्ट वाईनही घेतात. एरवी दारूला हात न लावणाऱ्या घरातही ती चालते, कारण तिच्यावर ‘औषधी’ असा शिक्का बसला आहे. बाळंतिणीला रक्त वाढायला, वडीलधाऱ्यांना भूक लागायला, कुणाला झोपेसाठी. हा समज कितपत खरा?

मूळ पोर्ट पोर्तुगालमधल्या दोउरू नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षरस आंबताना यीस्ट त्यातल्या साखरेचे अल्कोहोल करते. साधारण निम्मी साखर उरली की त्यात द्राक्षांपासूनच काढलेले, सुमारे ७७ टक्के अल्कोहोल असलेले मद्य ओततात. यीस्ट मरते, आंबणे थांबते, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड लागते आणि कडकही असते. साध्या वाईनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असते, पोर्टमध्ये १९ ते २२. गोडीमुळे हा कडकपणा जिभेला कळत नाही.

अशी वाईन समुद्रप्रवासात टिकत असे. फ्रान्सशी वैर असलेल्या इंग्लंडने १७०३ च्या करारानुसार पोर्तुगीज वाईनवर कमी जकात लावली आणि पोर्टचा खप वाढला. १७५६ मध्ये दोउरूची हद्दच आखली गेली. पोर्तुगीजांबरोबर ही चव गोव्यात रुजली. आज तिथे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या मात्र नावापुरत्याच पोर्ट आहेत. त्यांतले अल्कोहोल लेबलवर पाहावे.

औषध म्हणून कीर्तीही इंग्लंडमध्ये झाली. पुढे पंतप्रधान झालेल्या धाकट्या विल्यम पिटला किशोरवयात डॉक्टरांनीच रोज पोर्ट प्यायला सांगितले होते. त्याला गाऊटने छळले आणि १८०६ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी तो वारला.

आता हिशेब पाहा. ६० मिलि अस्सल पोर्टमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे २४० मिलि बिअरइतके. शिवाय सहा ग्रॅमच्या आसपास साखर. लोह मात्र एक मिलिग्रॅमही नाही. सरकारी दवाखान्यात महिलांना मोफत मिणाऱ्या लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. वाईनचा लाल रंग द्राक्षाच्या सालीचा. रक्ताशी त्याचा संबंध नाही.

बाळंतिणीने घेतलेले अल्कोहोल दुधात उतरते, गरोदरपणी ते गर्भापर्यंत पोहोचते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी एकदम घसरू शकते. झोप लवकर लागते, पण मध्यरात्री मोडते. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

खरा धोका वेगळाच. बाटलीवर विसंबून तपासणी लांबते आणि मूळव्याध, जंत किंवा पाळीतला अतिरक्तस्राव तसाच राहतो. थकवा, धाप, फिकट डोळे दिसले तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. पोर्टची चव कुणाला आवडत असेल, तर तिला दारू म्हणूनच मोजावे. औषधाच्या कपाटात तिला जागा नाही.