द्रावणातून घडणारे स्फटिक

गढूळ पाणी निवळावे म्हणून घागरीत तुरटीचा खडा फिरवितात. हा खडा ओबडधोबड असतो. परंतु तीच तुरटी पाण्यात विरघळवून तिला पुन्हा घट्ट होण्यास पुरेसा अवधी दिला, तर आठ चकचकीत पैलूंचा खडा तयार होतो. एखाद्या कारागिराने तो घासून घडविला असावा असेच वाटते! अशा खड्यास स्फटिक म्हणतात.

काचेच्या पेल्यातील ऊन पाण्यात तुरटीची पूड ढवळून घालीत जावी. काही वेळाने पूड विरघळेनाशी होते. हे झाले संपृक्त द्रावण. ते गाळून झाकून ठेवावे. ऊन पाण्यात मावते तितकी तुरटी गार पाण्यात मावत नाही. म्हणून द्रावण निवताना जास्तीची तुरटी तळाशी जमते. दुसऱ्या दिवशी तेथील एक सुबक स्फटिक निवडून बारीक दोऱ्यास बांधावा आणि निवलेले द्रावण दुसऱ्या पेल्यात ओतून त्यात अधांतरी टांगावा. पाणी जसजसे आटते, तसतसे त्यावर थर चढत जातात. घाई करणाऱ्याची मात्र येथे फजिती होते. द्रावण बर्फात ठेवून एकदम गार केले, तर कणांना ओळीने बसावयास वेळच मिळत नाही आणि तळाशी नुसता रवाळ गाळ साचतो. द्रावण कच्चे असेल, तर टांगलेला स्फटिकच विरघळून जातो आणि हाती दोरा तेवढा उरतो.

मिठास ही युक्ती लागू पडत नाही. 100 ग्रॅम गार पाण्यात सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते, तर उकळत्या पाण्यात सुमारे 39 ग्रॅम. म्हणून तेथे पाणीच आटवावे लागते. कोकणातील मिठागरांत हे काम ऊन करते. मिठाचे स्फटिक फाशासारखे चौरस असतात.

रंगीत स्फटिकांची हौस असणारे पाण्यात शाई घालतात. पण तिचा रंग बहुधा वरवरच राहतो. मोरचुदाचा निळा रंग मात्र त्याचा स्वतःचा. त्याच्या स्फटिकांत पाणी बद्ध असते. तापविल्यास ते निघून जाऊन पांढरी भुकटी उरते. तीवर पाण्याचा थेंब पडताच ती पुन्हा निळी होते. मोरचूद विषारी आहे. तो प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा, स्वयंपाकाची भांडी घेऊ नयेत आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

तुरटीच्या स्फटिकाचा कोपरा तुटला, तर तो टाकून देऊ नये. संपृक्त द्रावणात पुन्हा टांगल्यास तुटलेल्या जागी कण अधिक त्वरेने बसतात आणि काही दिवसांत कोपरा भरून येतो.