अपयश कुलगुरूंचे की निवडणाऱ्यांचे?

वऱ्हाडात पेरलेले सोयाबीन उगवले नाही, तर शेतकरी कृषी कार्यालयात तक्रार करतो आणि समिती बांधावर येते. तिच्यात कृषी विभागाचे अधिकारी असतात, कृषी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ असतात, बियाणे पुरविणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधीही असतो. बियाण्याची उगवणशक्ती ठरलेली ७० टक्के होती काय, पेरणी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेली काय, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधीच घाई झाली काय, हे पाहून पंचनामा होतो. २०२०च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या, तेव्हा अकोल्यात मुख्यालय असलेल्या ‘महाबीज’लाही या प्रश्नांना सामोरे जावे लागले.

संस्थेच्या सर्वोच्च पदावर आणून बसविलेली व्यक्ती अपयशी ठरते, तेव्हा मात्र असा पंचनामा होत नाही. दोष त्या व्यक्तीच्या माथी मारला जातो आणि नव्या नावाचा शोध सुरू होतो. अमरावती आणि अकोला या शहरांना हा विषय परका नाही. अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे. पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या परीक्षा आणि निकाल त्याच्या कारभारावर अवलंबून असतात. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासूनचे. दोन्ही ठिकाणी कुलगुरूंची नियुक्ती राज्यपाल कुलपती या नात्याने करतात. निवड चुकली तर किंमत मोजतो तो विद्यार्थी, आणि कृषी विद्यापीठाच्या बाबतीत शेतकरीही. निवडीत या दोघांनाही स्थान नसते.

अमरावतीसारख्या विद्यापीठांना लागू असलेल्या २०१६च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानुसार शोध समिती अर्ज मागविते, उमेदवारांशी बोलते आणि किमान पाच नावांची यादी कुलपतींकडे देते. त्यांतून एकाची पाच वर्षांसाठी नियुक्ती होते. यादी दिली की समितीचे काम संपते आणि सदस्य आपापल्या गावी परततात. पाच वर्षांनी, किंवा त्याआधीच काही बिनसले, तर त्यांना बोलावून कोणी काही विचारत नाही. कुलगुरूंना पदावरून दूर करण्याची तरतूद कायद्यात आहे. शिफारस करणाऱ्यांनी उत्तर देण्याची नाही.

याचा अर्थ दोष नेहमी निवडणाऱ्यांचाच असतो, असे मुळीच नाही. मुंबई विद्यापीठात लागोपाठ घडलेली दोन प्रकरणे शेजारी ठेवली, तर फरक कळतो. डॉ. राजन वेळूकर यांची २०१० मध्ये कुलगुरुपदी नियुक्ती झाली. पीएच.डी.नंतर किमान पाच शोधनिबंध दर्जेदार नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले असावेत, हा निकष ते पूर्ण करतात काय, यावर वाद उभा राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, शोध समितीने पात्रतेचा नीट विचार केलेला नाही, असा ठपका ठेवून तिला फेरविचार करण्यास सांगितले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कुलपतींनी डॉ. वेळूकर यांना कामापासून दूर राहण्यास सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि त्याच वर्षी त्यांची मुदत संपली. येथे वादाचा मुद्दा कारभाराचा नव्हताच. नियुक्तीपूर्वी कागद तपासून निकाली काढता आला असता असा प्रश्न मुदतीच्या अखेरीपर्यंत लोंबकळत राहिला. ही जबाबदारी उमेदवाराची कमी आणि त्याचा अर्ज तपासणाऱ्यांची अधिक.

त्यांच्यानंतर आलेले डॉ. संजय देशमुख यांचे प्रकरण वेगळे. २०१७च्या उन्हाळी परीक्षेच्या १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय एकाच हंगामात घेतला गेला. निकाल महिनोन्महिने रखडले, पुढील प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांची कोंडी झाली, कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपती चे. विद्यासागर राव यांनी डॉ. देशमुख यांना पदावरून दूर केले. हा निर्णय पदावर आल्यानंतरचा आहे. २०१५ मधील शोध समितीला तो दिसणे शक्य नव्हते. मात्र एवढ्या मोठ्या कामाची पूर्वतयारी करून पाहण्याची सवय या व्यक्तीला आहे काय, हे मुलाखतीत विचारता येते. शोधनिबंध मोजणे सोपे असते, हे विचारणे अवघड. समित्या बहुधा सोपे तेवढेच करतात.

खासगी क्षेत्रात हे अधिक काटेकोर असते, हा समजही फारसा खरा नाही. टाटा सन्सने २०१० मध्ये रतन टाटांचा वारस शोधण्यासाठी समिती नेमली. समितीचे एक सदस्य सायरस मिस्त्री हेच अखेर निवडले गेले आणि २४ ऑक्टोबर २०१६ रोजी अध्यक्षपदावरून हटविले गेले. नंतरच्या निवड समितीत रतन टाटा होते आणि पहिल्या समितीतील लॉर्ड भट्टाचार्यही होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मिस्त्रींची गच्छंती वैध ठरविली. पहिली निवड का फसली, हा न्यायालयापुढचा प्रश्नच नव्हता.

उरते ती जमीन. बियाणे चांगले असूनही कोरड्या मातीत रुजत नाही. विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त असतात, त्या भरण्यासाठी शासनाची परवानगी लागते, आणि जबाबदारी मात्र कुलगुरूंची. महापालिकांत याहून वाईट स्थिती आहे. अमरावती आणि अकोल्याचे आयुक्त मंत्रालयातून पाठविले जातात. राज्याच्या २००५च्या बदली कायद्यानुसार पदावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा; प्रत्यक्षात तुकाराम मुंढे नागपुरात जानेवारी २०२० मध्ये आयुक्त म्हणून आले आणि ऑगस्टमध्ये गेलेही. सात महिन्यांच्या कामावरून त्यांना यशस्वी ठरविणारे आणि अपयशी ठरविणारे दोघेही घाई करतात. ज्यांनी पाठविले आणि ज्यांनी परत बोलावले, त्यांचा हिशेब या वादात येतच नाही.

मुंबईत डॉ. देशमुख गेल्यानंतर नवी शोध समिती नेमली गेली, पुन्हा अर्ज मागविले गेले आणि एप्रिल २०१८ मध्ये डॉ. सुहास पेडणेकर यांची नियुक्ती झाली. आधीच्या समितीने तीन वर्षांपूर्वी काय पाहून शिफारस केली होती, हे तपासणे नव्या समितीच्या कामाचा भाग नव्हते.