झडतीला कारण हवे!

रात्री अकराच्या सुमारास रस्त्यावर लोखंडी अडथळे उभे राहतात, विजेरीचा झोत डोळ्यांवर येतो आणि गाडी कडेला घेण्याचा हुकूम होतो. परवाना दाखवून झाला की पुढची आज्ञा सुटते, "डिकी उघडा." बहुतेक नागरिक ती निमूटपणे उघडतात. का उघडावयाची, हे विचारण्याचे धैर्य फार थोड्यांस होते, आणि ज्यांस होते त्यांना "आम्हांला कायदा शिकवू नका" हे उत्तर पाठ असते. वस्तुतः कायदा शिकण्याची गरज या प्रसंगी दोन्ही पक्षांना आहे.

नाकाबंदीच निरर्थक आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत कसाब जिवंत हाती लागला आणि त्यासाठी तुकाराम ओंबळे यांनी आपले प्राण वेचले, हे महाराष्ट्र कसे विसरेल? परंतु त्या रात्री कोणती गाडी अडवावयाची याची खबर पोलिसांपाशी होती. रोजच्या नाकाबंदीत नेमके तेच नसते, आणि कायद्याचा सारा रोख नेमका त्यावरच आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३० व्या कलमान्वये गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागताच चालकाने परवाना दाखविलाच पाहिजे. येथवर वादाला जागा नाही. पण परवाना पाहण्याचा अधिकार म्हणजे डिकी धुंडाळण्याचा अधिकार नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, जुन्या संहितेप्रमाणेच, 'स्थान' या शब्दाच्या व्याख्येत घर, इमारत आणि तंबू यांच्या पंक्तीला वाहनही बसविले आहे. त्या स्थानाची वॉरंटाविना झडती घ्यावयाची तर १८५ व्या कलमाच्या अटी आहेत. तपासाला आवश्यक अशी वस्तू तेथे सापडेल असे मानण्यास सयुक्तिक कारण हवे, ते कारण आधी लिहून काढावयास हवे, काय शोधावयाचे आहे ते शक्य तितके नमूद व्हावयास हवे, झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण व्हावयास हवे आणि त्या नोंदींच्या प्रती अठ्ठेचाळीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जावयास हव्यात. अमली पदार्थांच्या कायद्याने सार्वजनिक जागी पोलिसांस अधिक मोकळीक दिली आहे, हे खरे. पण तेथेही 'मानण्यास कारण' हे शब्द गळलेले नाहीत. विजेरीच्या प्रकाशात चेहरा आवडला नाही, हे ते कारण खचित नव्हे.

अटकेच्या बाबतीत आपली न्यायालये अलीकडे कठोर झाली आहेत. अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि अटक समर्थनीय असणे वेगळे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात बजावले होते. २०२५ च्या नोव्हेंबरात, मुंबईतील वरळीच्या मोटार अपघातातून उद्भवलेल्या खटल्यात, ते त्याहून पुढे गेले. अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत लेखी दिलीच पाहिजेत, आणि तत्काळ देणे अशक्य असेल तर निदान कोठडीसाठी हजर करण्यापूर्वी दोन तास. अन्यथा ती अटक बेकायदा! लेखी कारण नसले तर आरोपी सुटतो, एवढी धार या नियमाला आता आली आहे.

झडतीच्या नियमांना मात्र अशी धार नाही. १९७३ साली पूरनमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, झडती बेकायदा असली तरी तीत सापडलेला पुरावा केवळ तेवढ्यावरून बाद होत नाही. या निर्णयाला आधार होता १९५४ च्या आठ न्यायमूर्तींच्या निकालाचा. झडतीविरुद्ध खासगीपणाचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, असे त्यात म्हटले होते. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी ते मत रद्द ठरविले. पाया गेला, पण वरचा मजला अद्याप उभाच आहे! सर्वोच्च न्यायालयाने त्याचा फेरविचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि एवढ्याने भागणार नाही. पुराव्याचा प्रश्न ज्याच्या गाडीत काही सापडले त्याच्यापुरता असतो. ज्याच्या डिकीत जादा चाक आणि बायकोने बांधून दिलेले लोणच्याचे बरणीखेरीज काही निघाले नाही, तो मुकाट्याने घरी जातो. त्याच्या झडतीला कारण होते की नव्हते, हे कोणतेही न्यायालय कधी विचारीत नाही. त्याला न्याय मिळावयाचा तर तो रस्त्यावरच मिळाला पाहिजे. परवान्यापलीकडे जाऊन गाडीची झडती घेणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आपले नाव, हुद्दा, वेळ आणि झडतीचे कारण लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या हाती द्यावी, असा आदेश गृहखात्याने काढावा. कारण लिहून ठेवण्याची सक्ती कायद्याने केलेलीच आहे. त्याची एक प्रत जास्त काढण्यास कागदाचा एक चतकोर पुरेल.