आभाळाची वही (लेखांक ७) : पावसाचा पत्ता, घराचा पत्ता

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस एकसारखा पडत नाही, हे तिथल्या कुणाला सांगायला नको. जव्हारच्या बाजारात ऊन पडलेलं असतं आणि त्याच वेळी सूर्यमाळच्या माथ्यावर दहा पावलांवरचं दिसत नसतं. सरकारी हिशेब मात्र महसूल मंडळाचा. मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, तर अतिवृष्टी. मंडळात गावं अनेक, गावांचे पाडे त्याहून अनेक, आणि मापक बहुधा एकच. म्हणून हौशी निरीक्षकाची गरज मुंबईपेक्षा इथे जास्त आहे, असं मागच्या लेखांकात म्हटलं होतं. मापक कुठे बसवायचा, झाडापासून आणि पागोळ्यांपासून किती लांब, तेही झालं.

आता नोंद दुसऱ्यांना द्यायची. पाऊस सांगता सांगता आपण आणखी काय काय सांगून बसतो, ते आज पाहू.

पहिली गोष्ट जागेची. घरच्या हवामान केंद्राची संकेतस्थळावर नोंद करताना अक्षांश-रेखांश मागतात आणि मोबाइल ते दशांश चिन्हानंतर पाच-सहा आकड्यांपर्यंत देतो. चौथा आकडा म्हणजे साधारण अकरा मीटर, म्हणजे तुमचं अंगण. तिसरा म्हणजे शंभरेक मीटर. दुसरा म्हणजे साधारण एक किलोमीटर. परदेशी हौशी मंडळी सांगतात की दोनच आकडे द्या, मग घर सापडत नाही. सल्ला शहरापुरता बरोबर आहे. मुंबईत एका चौरस किलोमीटरात सरासरी वीस हजारांच्या वर माणसं राहतात, त्यात तुमची गच्ची कोण शोधणार? पण २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मोखाडा तालुक्याची लोकसंख्या ८३ हजारांच्या आसपास होती, तीही डोंगरउतारांवर पाड्यापाड्यांत विखुरलेली. मुंबईत एवढी माणसं चारेक चौरस किलोमीटरात मावतात. मोखाड्यात तुम्ही नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन काढलात, तर त्यात एखादाच पाडा येईल, आणि त्या पाड्यावर खांबावर फिरणाऱ्या वाट्यांचं वाऱ्याचं यंत्र एकाच घरावर असेल. आकडे गोल करून घर लपलं नाही. लपायला आजूबाजूला गर्दी लागते, आणि तीच इथे नाही.

उलट बाजूही आहे. जागा फारच ढोबळ केली, तर नोंदीचा उपयोग जातो. एकच दशांश ठेवला की अकरा किलोमीटरांचा गोंधळ, आणि घाटाच्या या भागात अकरा किलोमीटरांत पाऊस किती बदलतो, ते वर आलंच आहे. माझं मत असं की जागा दोन दशांशांपर्यंत द्यावी, घर त्याने झाकलं जात नाही हे मान्य करावं, आणि झाकायचं ते दुसरीकडे झाकावं.

त्याआधी उंचीचं. हवेचा दाब समुद्रसपाटीला आणून सांगावा लागतो, नाहीतर जव्हारचा आकडा डहाणूशी ताडून बघता येत नाही. या उंचीवर साधारण साडेआठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणून यंत्राला उंची अचूक हवी. पण ती यंत्रालाच हवी, जगाला नको. ढोबळ जागा आणि नेमकी उंची शेजारी शेजारी लिहिली, तर समोच्च रेषांचा नकाशा हातात असलेला माणूस दोन्हींचा छेद काढतो आणि तुमचा उतार गाठतो. सपाटीवर हे जमत नाही, डोंगरात सहज जमतं. दाबाची दुरुस्ती घरच्या यंत्रावर करा आणि दुरुस्त केलेलाच आकडा बाहेर द्या.

आता झाकायचं काय? तर वेळ. म्हणजे घरातल्या माणसांची वेळ.

इंग्लंडात जॉर्ज जेम्स सायमन्स या गृहस्थाने १८६० पासून हौशी लोकांच्या पर्जन्यनोंदी गोळा करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी १६८ ठिकाणं होती. पुढे दरवर्षी ‘ब्रिटिश रेनफॉल’ नावाचा ग्रंथ निघायचा आणि त्यात मापकाच्या ठिकाणाबरोबर निरीक्षकाचं नावही छापलं जायचं. नाव छापून येणं हाच त्या लोकांचा मेहनताना. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ग्रंथ निघेपर्यंत पाऊस जुना झालेला असायचा. अमुक पाद्री आज सकाळी घरी आहेत की नाहीत, हे त्या पानांवरून कुणाला कळणं शक्य नव्हतं. आजचं केंद्र पाच-पाच मिनिटांनी बोलतं. नाव तेव्हाही उघड होतं. नवी गोष्ट आहे ती ही घाई.

आणि केंद्र नुसतं बाहेरचं बोलत नाही. विकत मिळणाऱ्या बहुतेक संचांचा पडदा घरात भिंतीवर असतो आणि त्यात घरातलं तापमान व दमटपणा मोजणारं यंत्रही असतं. हौशी केंद्रांचे आकडे गोळा करणाऱ्या वेदर अंडरग्राउंड या संकेतस्थळाला आकडे पाठवायच्या रचनेत घरातल्या या दोन आकड्यांसाठी वेगळे रकाने आहेत. नेटाटमो या फ्रेंच कंपनीच्या संचातला घरातला भाग तर कार्बन डायऑक्साइडही मोजतो, म्हणजे खोलीत माणसं आहेत की नाहीत हे जवळजवळ थेट. त्यांच्या जाहीर नकाशावर फक्त बाहेरचे आकडे दिसतात, आणि हे त्यांनी शहाणपणाचं केलं. भात शिजतो तेव्हा दमटपणाची रेघ उसळते, दार उघडलं की खाली येते. कुलूप लागलेल्या घराचा आलेख गुळगुळीत असतो. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर जगायला जातात त्या भागात, कोणतं घर किती दिवस बंद आहे हे सांगणारा आलेख पावसाच्या नावाखाली का पाठवायचा? संच लावला की पहिल्या दिवशी हे रकाने बंद करा.

रकाने बंद केले तरी केंद्राचं गप्प होणं उरतंच. निजताना वायफाय बंद करणाऱ्या घराचं केंद्र रोज रात्री एका ठरावीक वेळी गप्प होतं आणि सकाळी उठतं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज इतक्यांदा जाते की या खाड्यांतून कुणाला काही वाचता येणार नाही; गोपनीयतेला तेवढाच हातभार.

पुष्कळांकडे असा संच नसतोच. साधा मापक, सकाळी साडेआठला मोजपात्रात ओतून घेतलेलं पाणी, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो. मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते. फक्त एक सवय त्यात घुसली आहे. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, सगळीकडे कामाचा पुरावा म्हणून जीपीएस कॅमेऱ्याचा फोटो मागतात, आणि तोच कॅमेरा हाताशी लागलेला असतो. त्या फोटोच्या खालच्या पट्टीत अक्षांश, रेखांश, पत्ता, मिनिटासकट वेळ. फोटोत दडलेली जागेची माहिती व्हॉट्सअॅप साध्या पाठवणीत काढून टाकतं, पण चित्रावरच उमटलेली पट्टी कोण काढणार? मापकाशेजारी हसत उभी असलेली सातवीतली मुलगीही त्याच चौकटीत. साध्या कॅमेऱ्याने फक्त मोजपात्राचा फोटो काढा.

कायदा याबाबत काय म्हणतो, असं विचारणारे विचारतातच. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. हौशी निरीक्षकाने मात्र कलम ३ वाचावं. माणसाने स्वतःहून जाहीर केलेल्या वैयक्तिक माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे घराचा बिंदू तुम्हीच नकाशावर ठेवलात, तर त्या बिंदूपुरतं कायद्याचं छत्र तुम्हीच मिटलंत.

आणि माहिती एका हातात राहत नाही. वेदर अंडरग्राउंड १९९५ साली मिशिगन विद्यापीठातून निघालं. ते २०१२ मध्ये वेदर चॅनलकडे गेलं, २०१६ मध्ये आयबीएमकडे, २०२४ मध्ये फ्रान्सिस्को पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीकडे. ज्याने हौसेने पहिल्या मालकाला आकडे दिले, त्याला पुढच्या मालकांबद्दल कुणी विचारलं नाही.

मग पाऊस लपवायचा का? मुळीच नाही. भात आडवा झालेल्या शेतकऱ्याला मंडळाच्या आकड्यावर शंका घ्यायची असेल, तर हातात दुसरा आकडा हवा, आणि त्याची जागा नेमकी हवी. सरकारी केंद्राच्या जागी तुमची नोंद धरली जाणार नाही. पण तलाठ्यासमोर वही उघडता येते. म्हणून नेमकी जागा, उंची, मापकाचा फोटो आणि नोंद घेणाऱ्याचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते पान घरात राहील, आणि बाहेर जाईल तो पाऊस, रोजचा एक आकडा. केंद्राला आडनावाऐवजी जवळच्या ओहोळाचं किंवा टेकाडाचं नाव द्या.

याहून सोपी वाट म्हणजे मापक घराकडे न लावता शाळेच्या आवारात लावणं. शाळेचा पत्ता आधीच जाहीर आहे, तिथे लपवण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की वळवाचा पहिला दणका येतो तेव्हा मे महिन्याची सुट्टी असते आणि शाळेला कुलूप. त्या दिवसांत सकाळी साडेआठला फाटक कोण उघडणार, हे मापक बसवायच्या आधी ठरवावं लागतं. किल्ली बहुतेक वेळा शेजारच्या घरी ठेवतात. मग वहीतल्या पहिल्या पानावर त्या घरातल्या माणसाचं नाव येईल, तेही विचारूनच.

(पुढील लेखांकात : मोजपात्रातला काल रात्रीचा पाऊस आजच्या तारखेला का लिहायचा?)