लेखांक ९ : ओठ जड पडला का?

कबूल केल्याप्रमाणे या आठवड्यात लॅटरल टेरिगॉइड या स्नायूची पाळी होती. त्याला आणखी सात दिवस थांबावं लागणार आहे. मध्येच एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातले प्रश्न असे की स्नायू मागे राहिला.

पत्रातली हकिगत थोडक्यात अशी. खालच्या जबड्यातली उजवीकडची दाढ काढायची होती. डॉक्टरांनी सुई दाढेपाशी टोचलीच नाही, पार मागे, दाढांची रांग संपते त्याच्याही पलीकडे टोचली. दोन-तीन मिनिटं गेल्यावर विचारलं, ‘‘ओठ जड पडला का?’’ ओठ खरोखरच जड पडला होता, पण अर्धाच. जीभही अर्धीच बधिर. तरी डॉक्टरांनी दाढेच्या गालाकडच्या बाजूला आणखी एकदा टोचलं, आणि मग दाढ काढली. वरची दाढ काढली होती तेव्हा यातलं काहीच घडलं नव्हतं. बाई विचारतात, दाढ काढायची तर मध्ये ओठ आणि जीभ कुठून आली? आणि दोनदा का टोचलं?

आधी वरच्या दाढेचं पाहू, कारण ते सोपं आहे. वरच्या जबड्याचं हाड गालाकडच्या बाजूला पातळ आणि सच्छिद्र असतं. दाढेच्या मुळाजवळ हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून झिरपून मुळाच्या टोकापर्यंत पोचतं आणि काम होतं. खालचा जबडा त्या मानाने फारच दणकट. दाढांच्या भागात त्याचं बाहेरचं कवच इतकं जाड आणि घट्ट असतं की मोठ्या माणसाच्या हिरडीत नेहमीचं औषध सोडलं, तरी ते मुळापर्यंत पुरेसं उतरेल याची खात्री नसते. तेव्हा दाढेकडे जाणारी नसच वाटेत गाठायची. तिला गाठायची सोयीची जागा एकच, ती हाडात शिरायच्या आधीची.

ही नस म्हणजे इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह. ट्रायजेमिनल नर्व्हच्या तीन फाट्यांपैकी तिसरा फाटा कवटीच्या तळाच्या भोकातून खाली उतरतो, हे नियमित वाचकांना आठवत असेल. त्याच फाट्याची ही सर्वांत जाड शाखा. ती जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या अंगाला येते, तिथल्या एका भोकातून हाडात शिरते आणि पुढचा प्रवास हाडातल्या बोगद्यातून करते. वाटेत प्रत्येक दाढेच्या मुळाला एकेक धागा देत ती उपदाढांखाली येते. तिथे तिची दोन टोकं होतात. एक हाडातच राहून पुढच्या दातांकडे जातं. दुसरं हाडाच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या भोकातून बाहेर पडतं आणि खालचा ओठ, हनुवटीची कातडी आणि पुढची हिरडी यांत पसरतं.

ओठाचा संबंध तो हा. दाढेची आणि ओठाची नस एकच. दाढ लागते वाटेत, ओठ शेवटी. बोगद्याच्या तोंडाशी वाट बंद केली की दोन्ही गप्प होतात. दाढ बधिर झाली की नाही हे बाहेरून कळायला मार्ग नसतो, म्हणून डॉक्टर ओठाला विचारतात. ओठ अर्धाच बधिर होतो, कारण डाव्या-उजव्या बाजूच्या नसा वेगळ्या आणि त्यांची हद्द साधारण मधोमध येते.

बाईंनी लिहिलं नाही, पण अनेकांना वाटतं की ओठ वाकडा झालाय. अशा वेळी आरशात पाहावं, ओठ सरळच असतो. ओठ हलवण्याचं काम सातव्या नसेकडे, म्हणजे फेशियल नर्व्हकडे आहे आणि तिला या इंजेक्शनने सहसा धक्का लागत नाही. चावण्याची ताकदही जात नाही. चावणाऱ्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या शाखा बऱ्याच वर, कवटीच्या तळाजवळच फुटून गेलेल्या असतात.

आता जीभ. बोगद्यात शिरायच्या जागेपाशी, थोडी पुढे आणि आतल्या बाजूला, लिंग्वल नर्व्ह नावाची दुसरी नस असते. तिथे सोडलेलं औषध तिलाही भिजवतं. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाचा स्पर्श हिच्याकडे. चवीचे धागे वेगळ्याच नसेतले, पण तेही हिच्याच सोबतीने येतात. त्यामुळे त्या बाजूच्या जिभेला काही वेळ चहाची ना ऊब कळत, ना गोडी.

आणि दुसरी सुई? खालच्या दाढांच्या गालाकडच्या हिरडीची नस निराळी आहे, बक्कल नर्व्ह. ती बोगद्याच्या वाटेला जातच नाही, वरूनच वेगळी होऊन गालातून येते. दाढ पूर्ण बधिर असली तरी चिमटा लावताना त्या हिरडीला कळ लागेल, म्हणून तिच्यासाठी वेगळं थेंबभर औषध. बाईंच्या डॉक्टरांनी सगळं पुस्तकात असावं तसंच केलं होतं.

प्रश्नांची उत्तरं इथे संपतात. पण बोगद्याचा विषय निघालाच आहे, तर त्याची दोन्ही तोंडं पाहून घेऊ.

पुढचं तोंड सापडायला सोपं. हनुवटीच्या मध्यापासून बोट मागे सरकवत सुळ्याच्या मागच्या दोन उपदाढांखाली आणावं आणि जबड्याच्या वरच्या-खालच्या कडांच्या अध्येमध्ये जरा जोर देऊन दाबावं. काहींना तिथे बारीकशी कळ लागते. या भोकाची जागा आयुष्यभर तीच राहत नाही. तान्ह्या मुलाच्या जबड्यात ते खालच्या कडेजवळ असतं, तरुणपणी मध्यावर आणि दात पडून गेलेल्या म्हातारपणी वरच्या कडेजवळ. भोक वर सरकलेलं नसतं, त्याच्या वरचं हाड झिजलेलं असतं. दात गेले की त्यांना धरून ठेवणारं हाड हळूहळू विरतं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत सापडलेल्या जबड्यावरून वयाचा अंदाज बांधण्याच्या खुणांमध्ये ही एक खूण असते.

कवळीवाल्या आजोबांना मात्र ही खूण चांगलीच महागात पडते. हाड फार झिजलं की भोक थेट हिरडीच्या माथ्यावर येतं आणि जेवताना प्रत्येक घासाला कवळी त्या उघड्या नसेवर दाबली जाते. ‘कवळी टोचते’ अशी तक्रार घेऊन आजोबा खेपा घालत राहतात. हिरडीवर ना जखम, ना लाली. जाणकार दंतवैद्य बोट ठेवून ती नेमकी जागा शोधतो आणि कवळीचा तेवढाच भाग आतून कोरून देतो. तेवढ्याने दुखणं थांबतं.

याच जागेबद्दल एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. इंजेक्शन नाही, मार नाही, दाताचं काही दुखणं नाही आणि तरी हनुवटी किंवा अर्धा ओठ बधिर झाला, तर वाट पाहत बसू नये. शरीरात दुसरीकडे असलेल्या कर्करोगाची गाठ या बोगद्यापर्यंत पोचल्याचं ते कधी कधी पहिलं लक्षण असतं. स्तनाच्या कर्करोगात आणि रक्ताच्या काही कर्करोगांत हे दिसतं. प्रत्येक बधिर हनुवटीमागे कर्करोग असतो असं मुळीच नाही, पण तपासणी झालीच पाहिजे.

मागचं तोंड पाहायचं तर कोरडा जबडा हातात घ्यावा लागतो. दंतमहाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो मिळतो. जबड्याचा उभा भाग आतल्या अंगाने बघितला की साधारण मध्यावर भोक दिसतं आणि त्याच्या पुढच्या काठावर वर आलेला हाडाचा एक पातळ कंगोरा. त्याला लिंग्युला म्हणतात. सुई पुढून येते, आणि हा कंगोरा नेमका पुढूनच भोकाला आडोसा करून उभा. म्हणून औषध भोकात सोडायचं नसतं, भोकाच्या किंचित वर सोडायचं असतं, जिथे नस अजून हाडाबाहेर आहे. लहान मुलांत हे भोक दाढांच्या पातळीच्या खाली असतं आणि वय वाढतं तसं वर जातं, त्यामुळे मुलांना सुई खालच्या पातळीवर धरावी लागते.

जिवंत माणसात यातलं काहीच दिसत नाही. डॉक्टर अंगठ्याने जबड्याच्या उभ्या भागाची पुढची कडा चाचपतात, त्या कडेतली खोलगट जागा पकडतात, सिरिंज समोरच्या बाजूच्या उपदाढांवरून तिरकी आणतात आणि सुई आत घालतात. मोठ्या माणसात वीस ते पंचवीस मिलिमीटर आत गेल्यावर हाताला हाड लागतं. मग सुई मिलिमीटरभर मागे घ्यायची, दट्ट्या किंचित ओढून रक्त येत नाही ना हे बघायचं, कारण नसेच्या शेजारीच रक्तवाहिनी धावते, आणि औषध सावकाश सोडायचं. हाड न लागताच सुई फार मागे गेली तर ती लाळग्रंथीत शिरते. फेशियल नर्व्ह तिथूनच जाते. मग काही तास त्या बाजूचा डोळा मिटत नाही. पाहणाऱ्याला लकवा मारल्यासारखं वाटतं, पण औषध उतरलं की सगळं पूर्ववत होतं. सुई आतल्या बाजूला भरकटली तर मेडियल टेरिगॉइड स्नायूत घुसते आणि पुढचे काही दिवस तोंड उघडताना ताठरलेलं वाटतं.

ही वाट पहिल्यांदा अडवली ती न्यूयॉर्कमध्ये, १८८४ साली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांचा शोध जाहीर झाला, की कोकेनचे थेंब घातले की डोळा बधिर होतो. विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल या दोन शल्यचिकित्सकांनी लगेच पुढचा विचार केला. कातडी कशाला बधिर करायची, कोकेन थेट नसेशेजारी सोडलं तर त्या नसेचा सगळा मुलूख बधिर होईल. ज्या नसांवर त्यांनी हे करून पाहिलं त्यांत आपली ही नसही होती. प्रयोग एकमेकांवर आणि सहकाऱ्यांवर चालले. कोकेनची सवय लागते याची तोवर पुरेशी कल्पना कोणाला नव्हती. दोघेही व्यसनात सापडले. हॉल्स्टेड उपचार घेऊन उठले, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्रमुख झाले, शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे रुजवले, पण अमली पदार्थांची सोबत त्यांना शेवटपर्यंत सुटली नाही. १९०५ मध्ये नोव्होकेन वापरात आलं आणि दंतवैद्यकातून कोकेन मागे पडलं. आजचं लिग्नोकेन स्वीडनच्या निल्स लॉफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. त्यांचा तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट याने ते स्वतःच्याच शरीरावर टोचून पाहिलं होतं.

इतकी वर्षं होऊनही हे इंजेक्शन दर वेळी लागू पडतं असं नाही. कधी ओठ ठार बधिर असतो आणि दाढेला हात लावला की रुग्ण खुर्चीतून उठतो. कारणं अनेक. दाढेच्या गाभ्याला सूज आली असेल तर तिथले धागे इतके चिडलेले असतात की नेहमीची मात्रा त्यांना पुरत नाही. दुसरं कारण त्या कोरड्या जबड्यावरच कोरलेलं दिसतं. भोकापासून खाली आणि पुढे एक बारीक चर गेलेली असते. बोगद्यात शिरण्याच्या थोडंसं आधी नसेतून एक शाखा फुटते, ती या चरीतून जाते. तिचं मुख्य काम जिभेखालच्या स्नायूला हलवायचं, पण काही माणसांत तिचे चार धागे मागच्या दाराने दाढेपर्यंतही पोचतात. पुढचं दार बंद केलं तरी हे उघडंच राहतं.

आणि तोंडच उघडत नसेल तर? आपल्याकडे हा प्रश्न मुळीच काल्पनिक नाही. मधली तीन बोटं एकावर एक उभी करून पुढच्या दातांमध्ये धरावीत. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहसा मावतात. सुपारी, गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, यांपैकी काहीतरी वर्षानुवर्षं गालात धरणाऱ्यांच्या तोंडात पुढे पुढे एक बोटही जात नाही. स्नायू आणि सांधा धड असतात, पण गालाच्या आतल्या अस्तराखाली सुपारीमुळे तंतूंचे ताठ पट्टे तयार झालेले असतात. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराची नोंद केली, १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हटलं. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. दंतरुग्णालयांत असे रुग्ण अजूनही येतात, आणि त्यांतल्या काहींची दाढही ठणकत असते.

अंगठा आत जात नाही, हाडाची कडा चाचपता येत नाही, सिरिंज तिरकी करायला जागा नाही. अशा वेळी कामाला येते ती वझिरानी-अकिनोसी पद्धत. वझिरानी यांनी ती १९६० मध्ये मांडली, अकिनोसी यांनी १९७७ मध्ये स्वतंत्रपणे. यात रुग्णाने दात मिटूनच ठेवायचे. गाल बाजूला करून सुई वरच्या दाढांच्या हिरडीच्या पातळीवर, दातांच्या रांगेला समांतर सरळ मागे न्यायची आणि जबड्याचा उभा भाग व मेडियल टेरिगॉइड यांच्यामधल्या पोकळीत औषध सोडायचं. नस तिथूनच खाली उतरत असते. हाड लागल्याची खूण इथे मिळत नाही, सगळी भिस्त कोनावर आणि खोलीच्या अंदाजावर. बहुतेक वेळा याच सुईत बक्कल नर्व्हही सापडते आणि बाईंना टोचली तशी दुसरी सुई वाचते.

लहान मुलांच्या पालकांसाठी एक सूचना. दाढ तास-दीड तासात शुद्धीवर येते, ओठ मात्र तीन ते पाच तास बधिर राहतो. हा नवा खेळ समजून मुलं ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो टम्म सुजतो. ओठ पूर्ण जागा होईपर्यंत मुलाला खायला देऊ नये आणि त्याच्यावर नजर ठेवावी.

पुढच्या आठवड्यात नक्की लॅटरल टेरिगॉइड, आणि त्याच्यासोबत जांभई देताना जबडा निखळतो तो कसा, हेही. तोवर वाचकांनी एक करून ठेवावं. दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवून तोंड सावकाश पूर्ण उघडावं. बोटाखालचं हाड आधी जागच्या जागी फिरतं, मग पुढे सरकतं. दोन्ही बाजू एकदमच सरकतात की एक आधी आणि दुसरी मागून, एवढं पाहून ठेवावं. लेखांक १० तिथूनच सुरू होईल.