कॉपी केलेली मराठी पेस्ट करताच का बिघडते?

नेवासा : समजा, इथल्या एखाद्या डीटीपी सेंटरमध्ये हरिनाम सप्ताहाची पत्रिका जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाली. मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकला, तर नीट दिसतो. तोच व्हॉट्सअ‍ॅप वेबवर टाकला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ! चूक टाइप करणाऱ्याची नाही.

क्लिपबोर्डवर काय जाते?
कॉपी करताच सॉफ्टवेअर एकाच मजकुराची अनेक रूपे उपलब्ध करून देते : साधा मजकूर, फॉन्टच्या माहितीसह मजकूर, एचटीएमएल. पेस्ट होताना दुसरे सॉफ्टवेअर त्यातले स्वतःला चालणारे रूप उचलते. माउसने ओढून टाकतानाही, म्हणजे ड्रॅग अँड ड्रॉपमध्ये, हीच देवाणघेवाण होते.

मराठी कुठे हरवते?
श्रीलिपी, कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेतांक असतात. त्यांना देवनागरी रूप फक्त फॉन्ट देतो. वर्ड फॉन्टचे नाव सोबत घेतो. व्हॉट्सअ‍ॅप साधा मजकूर घेते आणि फॉन्ट मागेच राहतो. युनिकोडमध्ये मात्र देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक आहेत; देवनागरी लिपी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे.

काय करावे?
मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मगच कॉपी करा. रफार, जोडाक्षरे आणि माणसांची नावे डोळ्यांनी तपासा. जुन्या फाइल तशाच राहिल्या, तर त्यातले मराठी नाव टाइप करून शोधले तरी सापडणार नाही.