चुकीची तारीख आणि ८७.५ गुण : इव्हेंट कॅलेंडरची युजेबिलिटी तपासताना

मागच्या लेखानंतर तुमच्यापैकी काही जणांनी विचारलं होतं, "ताई, वेबसाइटची युजेबिलिटी तपासायची म्हणजे नेमकं काय करायचं? लोकांना वापरायला द्यायची आणि आवडली का विचारायचं, एवढंच ना?" मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. मग माझ्या पायलटमध्ये एक काकू आल्या.

मनीषनगरला रेल्वे फाटकापासून थोडं आत मी राहते. काकू आमच्याच बिल्डिंगमधल्या. एका सांस्कृतिक संस्थेचं वेबवरचं कार्यक्रमांचं कॅलेंडर मी तपासत होते, म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्या डायनिंग टेबलावर बसले. त्यांना टास्क दिला : "या महिन्यात शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम कधी आहे ते शोधा." काकूंनी महिन्याचं पान उघडलं, गायनाच्या पट्टीवर क्लिक केलं, वेळ आणि सभागृहाचं नाव वाचलं. "अगं सोपं तर आहे, तू उगाच एवढं लिहून राहिली," असंही म्हणाल्या. मी तक्त्यात 'पूर्ण' लिहिलं आणि वेळ नोंदवली. नंतरची प्रश्नावलीही त्यांनी आनंदाने भरली.

रात्री रेकॉर्डिंग ऐकताना माझं लक्ष त्यांच्या एका वाक्याकडे गेलं. "रविवारी आहे म्हणजे बरं झालं, यांनाही सुट्टी राहते." कार्यक्रम सोमवारी होता!

काकूंचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत वारांची नावं डावीकडे उभी असतात, रविवार सगळ्यात वर, आणि तारखा वरून खाली वाचायच्या. वेबवरच्या कॅलेंडरमध्ये वार आडवे असतात. शिवाय मी तपासत होते त्यात आठवडा सोमवारी सुरू होत होता, कारण आयएसओ ८६०१ या मानकात सोमवार हा आठवड्याचा पहिला वार आहे आणि ते सॉफ्टवेअर तसंच आलेलं होतं, कोणी बदललं नव्हतं. काकूंना पट्टी पहिल्या रकान्यात दिसली. पहिलं घर म्हणजे रविवार, हे त्यांच्या डोळ्यांना पन्नास वर्षांपासून माहीत. रकान्याच्या डोक्यावर 'सोम' असं बारीक राखाडी अक्षरात लिहिलेलं त्यांनी पाहिलंच नाही. क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत वेळ होती, जागा होती, वार मात्र नव्हता.

आता हे तपासणीच्या भाषेत मांडून पाहू. आयएसओ ९२४१-११ हे मानक १९९८ मध्ये आलं आणि २०१८ मध्ये सुधारलं गेलं. त्यात युजेबिलिटीचे तीन भाग सांगितले आहेत : परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. म्हणजे काम बरोबर झालं का, किती वेळात आणि किती कष्टात झालं, आणि माणसाला कसं वाटलं. हे तिन्ही ठरावीक वापरकर्ते, ठरावीक उद्दिष्टं आणि ठरावीक परिस्थिती यांच्या संदर्भात मोजायचं असतं. व्हायवामध्ये व्याख्या सगळे घडाघडा म्हणतात, पण हा शेवटचा भाग गाळतात. काकूंचा वेळ उत्तम होता, समाधान उत्तम होतं. फक्त काम झालं नव्हतं, आणि ते झालं नाही हे त्यांनाही कळलं नव्हतं आणि मलाही.

कॅलेंडर तपासताना ही चूक सगळ्यात जास्त छळते. ऑनलाइन अर्ज चुकला तर लाल अक्षरात सूचना येते. वार चुकीचा वाचला तर काहीच येत नाही. माणूस खुशीत पान बंद करतो आणि एक दिवस आधी जाऊन बंद सभागृहापुढे उभा राहतो. तोवर तुमचा अभ्यास संपलेला असतो.

प्रश्नावलीचंही सांगते. मी सिस्टिम युजेबिलिटी स्केल वापरलं, सगळे त्याला एसयूएस म्हणतात. जॉन ब्रुक यांनी ते १९८६ मध्ये तयार केलं आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. दहा विधानं, एक सोडून एक उलट अर्थाची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून १ वजा करायचा, सम क्रमांकाचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायचं. काकूंनी विषम विधानांना ५, ४, ५, ४, ५ दिले, म्हणजे १८. सम विधानांना २, १, २, २, १, म्हणजे १७. एकूण ३५, गुणिले २.५ म्हणजे ८७.५. सरासरी साधारण ६८ धरली जाते, तेव्हा हा आकडा फार चांगला. (हे टक्के नाहीत, गुण आहेत. प्रबंधात '८७.५ टक्के वापरसुलभ' असं लिहू नका, परीक्षक तिथेच धरतात.) वार चुकलेला आणि गुण ८७.५! एसयूएस खोटं बोलत नाही. ते समाधान विचारतं आणि समाधान होतंच. त्यावरून परिणामकारकता सांगायला जाणं ही आपली चूक.

मराठीत ही प्रश्नावली देताना आणखी एक अडचण येते. मूळ इंग्रजीतला 'कम्बरसम' हा शब्द इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना अडतो, हे फिन्स्टॅड यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं. आपण भाषांतर केलं की नकारार्थी वाक्यांचा गुंता वाढतो. 'हे वापरणं किचकट नाही, याच्याशी असहमत' असं कोणाच्या डोक्यात उलटसुलट होऊ देऊ नका. मी 'वापरताना खूप त्रास झाला' असं साधं केलं. भाषांतर बदललं की जुन्या सरासरीशी थेट तुलनाही जपून करावी लागते, हे माझ्या गाइडने लाल पेनाने लिहून दिलंय.

आता टास्कबद्दल, कारण सगळं तिथेच ठरतं.

नागपूरचं कार्यक्रमांचं कॅलेंडर म्हटलं की पहिला प्रश्न दीक्षाभूमीचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि तो दिवस अशोक विजयादशमीचा होता. म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनाशी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत : १४ ऑक्टोबर ही तारीख आणि अशोक विजयादशमी ही तिथी. मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला होतो. ती २०२२ मध्ये ५ ऑक्टोबरला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २४ ऑक्टोबरला गेली, २०२४ मध्ये १२ ला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आली. कॅलेंडरमध्ये नोंद करणाऱ्याने एकदा तारीख टाकून 'दरवर्षी पुन्हा' या चौकोनात टिक केलं, तर सॉफ्टवेअर इंग्रजी तारीखच पुढे नेणार. १४ ऑक्टोबरसाठी ते बरोबर आहे, विजयादशमीसाठी साफ चूक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबत मिरवणुकीचंही तसंच, कारण पोळा श्रावण अमावस्येचा.

यातून अभ्यासाच्या रचनेला एक धडा मिळाला. मी फक्त पाहणाऱ्यांना बोलावणार होते. नोंद करणारा माणूसही त्याच इंटरफेसचा वापरकर्ता आहे हे माझ्या प्रस्तावात नव्हतंच. त्याला टिकचा अर्थ कळला नाही, तर पाहणाऱ्याने कितीही नीट पाहिलं तरी त्याला चुकीचीच तारीख दिसणार.

माझा पहिला टास्क असा होता : "'कार्यक्रम' मेनूत जाऊन 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' शोधा." मेनूचं नावही सांगितलं आणि कार्यक्रमाचंही. ही तर आंधळी कोशिंबीर, पण डोळ्यांवरची पट्टी काढून. मग बदलला : "तुमची मावसबहीण मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून मुख्य सोहळ्याच्या आदल्या सकाळी पोहोचणार आहे. तिने कोणत्या तारखेचं तिकीट काढावं?" मला फार हुशारी वाटली यात. पायलटमध्ये लक्षात आलं की लोक बोटांवर दिवस मोजतायत आणि चुकतायत. ती चूक वजाबाकीची की कॅलेंडरची, हे मला सांगता येईना. शेवटी ठेवला तो असा : "मावसबहिणीला फोन लावला आहे असं समजा. मुख्य सोहळा कोणत्या तारखेला, कोणत्या वारी आहे ते तिला सांगा." यात उत्तर तोंडाने येतं, आणि माझ्या तक्त्यात क्लिकऐवजी त्या उत्तराची नोंद होते. चूक किती महागात पडते हेही लोकांना आपोआप आठवतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, दसऱ्याच्या गाड्या लगेच भरतात, आणि तिकीट एकदा चुकीच्या दिवसाचं निघालं की दुसरं मिळणं कठीण.

तक्त्यात आता 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' यांच्याशिवाय तिसरा रकाना आहे : 'चुकीचं उत्तर, पण खात्री आहे'. त्यासाठी प्रत्येक टास्कनंतर विचारायचं, "या उत्तराबद्दल किती खात्री आहे?" चूक आणि खात्री एकत्र आली की ती समस्या यादीत सगळ्यात वर जाते, मग ती एकालाच आलेली का असेना. उत्तर सापडेना म्हणून वैतागून सोडून देणारा निदान फोन करून विचारतो.

पाच माणसं पुरतात का, हा प्रश्न सेमिनारमध्ये हमखास येतो. नील्सन आणि लँडॉअर यांच्या १९९३ च्या शोधनिबंधातलं गणित असं : एखादी समस्या एका माणसाला दिसण्याची शक्यता ३१ टक्के धरली, तर पाच जणांत ती निदान एकदा दिसण्याची शक्यता साधारण ८४ टक्के. पण हे ३१ तुमच्या कॅलेंडरला लागू पडेलच असं नाही. दहातल्या एकालाच अडवणारी समस्या असेल, तर पाच जणांत ती सापडण्याची शक्यता फक्त ४१ टक्के उरते. फॉकनर यांनी २००३ मध्ये साठ जणांच्या माहितीतून पाच-पाचचे गट काढून पाहिले. काही गटांना ९९ टक्के समस्या सापडल्या, एका गटाला ५५ टक्केच. तुमच्या वाट्याला कोणता गट येईल, ते आधी कोण सांगणार?

समस्या शोधायला पाच जण चालतील, निदान पहिल्या फेरीत. आकडे द्यायला नाही चालणार. समजा पाचपैकी तिघांनी बरोबर तारीख सांगितली. '६० टक्के यश' असं लिहायचा मोह होतो. समायोजित वाल्ड पद्धतीने ९५ टक्के विश्वासांतर काढा : साधारण २३ ते ८८ टक्के. एवढ्या मोठ्या फटीतून हत्ती जाईल. मी मुख्य अभ्यासात जास्त माणसं घेणार आहे, आणि वयोगट वेगवेगळे ठेवणार आहे. आमच्या कॉलेजची पोरं फोनवरच वाढलीत, त्यांना सोमवारपासूनचा आठवडा खटकत नाही. त्यांच्यावरच तपासलं असतं तर काकूंची चूक कधीच दिसली नसती.

तज्ज्ञांकडून होणाऱ्या ह्युरिस्टिक तपासणीबद्दल थोडक्यात. नील्सन आणि मोलिक यांची १९९० ची ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे, आधी ती करून घ्या. 'बाहेरच्या जगाशी जुळणारी मांडणी' हा निकष त्यात आहेच. पण बाहेरचं जग कोणाचं, हे तपासणारा ठरवतो. माझ्या दोन्ही तपासनीस मैत्रिणींनी त्या निकषासमोर 'ठीक' लिहिलं होतं. दोघींच्या घरी भिंतीवर कॅलेंडर नाही.

गेल्या आठवड्यात काकूंकडे पुन्हा गेले. आठवडा रविवारपासून सुरू होणारा आणि चौकटीत तारखेबरोबर वार लिहिलेला नवा नमुना होता. त्या एकदा शिकलेल्या असल्यामुळे त्यांचं उत्तर माझ्या माहितीत धरता येणार नाही, हे माहीत होतं. तरी नेला. त्यांनी पट्टीवर क्लिक केलं, मोठ्याने वाचलं, "बुधवार." मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, दुधाचे खाडे लिहिलेल्या पानावर बोट ठेवून खात्री केली आणि तिथूनच ओरडल्या, "बरोबर आहे गं!"

ते भिंतीपर्यंतचं जाणं तक्त्यात कुठे लिहायचं, ते अजून ठरवते आहे.